निर्लेखनाच्या यादीतले ते चार नग : जिल्हा रायफल संघटनांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील जिल्हा रायफल संघटना व रायफल क्लब यांचे अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणी सदस्य यांस,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्यापैकी एका क्लबची निर्लेखनाची, म्हणजे निकामी ठरवून दप्तरातून काढायच्या वस्तूंची, यादी मला पाहायला मिळाली. अकरा प्लास्टिकच्या खुर्च्या, एक बंद पडलेला कूलर, टार्गेट पुढेमागे नेणारी चार गंजलेली यंत्रं, आणि खालून दुसऱ्या ओळीत ‘जुन्या रायफली – ४ नग, वापरायोग्य नाहीत’. कोणत्या कंपनीच्या, कोणतं मॉडेल, बिघाड काय, यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मी एसटीने तिथे गेले. सचिवांनी मोठ्या मनाने कोत, म्हणजे शस्त्रं ठेवायची खोली, उघडून दिली, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. हे पत्र त्यांच्यावर राग काढायला लिहिलेलं नाही. तशाच याद्या आणखी दोन ठिकाणी तयार होत आहेत असं कळलं, म्हणून सगळ्यांनाच लिहिते आहे.

ते चार नग म्हणजे दोन फाइनवेर्कबाऊ ३०० एस, एक वॉल्थर एलजीआर आणि एक बीएसए मार्टिनी इंटरनॅशनल, पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंच बोअरची, काडतुसाची. पहिल्या तीन एअर रायफली. त्यांना परवाना लागत नाही, म्हणून त्या किलोच्या भावाने जाणार होत्या. मार्टिनी क्लबच्या परवान्यावरची, ती ‘जमा’ होणार होती.

मी व्यवसायाने शिक्षिका. निवृत्त झाले आहे. नेमबाजी सुरू झाली ती एनसीसीत, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, पंचवीस यार्डांवर पालथं पडून, आमच्या आधी कितीतरी बॅचच्या खांद्यांनी गुळगुळीत केलेल्या दस्त्याच्या पॉइंट टू-टूने. आज रविवारी सकाळी आमच्या रेंजवर नवीन मुलांना शिकवते. मी आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारी कारागीर, नाही. पण जुन्या टार्गेट रायफली गेली तीस वर्षं वापरते आहे, त्यांची काळजी घेते आहे, आणि त्या कशाने मरतात हे मला चांगलं माहीत झालं आहे. त्या झिजून फार क्वचित मरतात. बहुतेक वेळा त्या कोणी न उघडल्यामुळे मरतात.

पहिली ३०० एस मी टेबलावर घेतली. उजव्या बाजूची लिव्हर मागे ओढली. लिव्हर आली, स्प्रिंग बसली, ब्रीच, म्हणजे नळीची गोळी भरायची मागची बाजू, उघडला. म्हणजे जीव होता. पेलेट, म्हणजे एअर रायफलची बारीक गोळी, घालून मारला तर तो दहा मीटरवर चार इंच खाली गेला, तोही फुसकन आवाज करत. हवा ब्रीचपाशी गळत होती. तिथलं सील चपटं होऊन कडक झालं होतं. दुसरा दोष हाताला कळला. गोळी सुटताना रायफल खांद्याला धक्का देत होती, आणि ३०० एसने धक्का देताच कामा नये.

हे जरा सविस्तर सांगते, कारण या रायफलीची सगळी हुशारी इथेच आहे. स्प्रिंगच्या एअर रायफलीत जड पिस्टन पुढे धावतो आणि पेलेट नळीतून बाहेर पडायच्या आतच रायफल हलवतो. त्यामुळे कितीही चांगला नेम धरला तरी तो शेवटच्या क्षणी मोडतो. जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फच्या फाइनवेर्कबाऊ कारखान्याने १९६०च्या दशकात यावर उत्तर काढलं. नळी आणि सिलिंडर मिळून सगळी ॲक्शनच दस्त्यामध्ये रुळांवर बसवली. ट्रिगर दाबला की कुलूप सुटतं आणि ॲक्शन काही मिलिमीटर मागे सरकते. दस्ता मात्र जागचा हलत नाही. गालाला, खांद्याला काहीच कळत नाही. पुढच्या वेळी लिव्हर ओढली की ॲक्शन पुन्हा पुढे जाऊन अडकते. बॅटरी नाही, भरलेल्या हवेचा सिलिंडर नाही, पंप नाही. आधी १५०, मग ३००, मग ३०० एस, अशा या मालिकेने बरीच वर्षं दहा मीटरच्या रेंजवर राज्य केलं.

त्या पहिल्या रायफलीचे रूळ कोणीतरी कधीकाळी जाड ग्रीसने भरले होते. ते ग्रीस सुकून मेणासारखं झालं होतं, आणि ॲक्शन सरकत नव्हती. एवढाच तो बिघाड. सचिवांच्या परवानगीने मी ती घरी आणली. रूळ रॉकेलच्या फडक्याने पुसले, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब दिला. ब्रीचचं सील एमआयडीसीतल्या हायड्रॉलिक सील बनवणाऱ्याकडून मापाने करून घेतलं. दोन चकरा झाल्या, कारण पहिलं सील फार कडक निघालं. नंतर वाळूच्या पिशवीवर टेकवून दहा पेलेट मारले. कागदावर वाटाण्याएवढं एकच भोक होतं. पेलेट स्वतः साडेचार मिलिमीटरचा असतो हे आपण सारे जाणता. त्या रायफलीवर ‘वापरायोग्य नाही’ असा कागद चिकटवला होता. तो मी अजून जपून ठेवला आहे.

दुसऱ्या ३०० एसचा दस्ता मनगटापाशी, म्हणजे मूठ धरायच्या बारीक जागी, तडकला आहे आणि पुढच्या साईटचं टनेल, म्हणजे नेमाच्या रिंगभोवतीची छोटी नळी, हरवलं आहे. सुतार आणि लेथवाला मिळून ते काम होईल. वॉल्थर एलजीआर वेगळ्या जातीची. तिच्यात एकाच ओढीत हवा दाबली जाते आणि ती ट्रिगर दाबेपर्यंत धरून ठेवावी लागते. तिची सीलं म्हातारी झाली की रायफल हवा धरत नाही. तिला वेळ लागेल. तिच्याबद्दल मी आज शब्द देत नाही.

मार्टिनीचं दुःख मात्र वेगळं आहे. तिला काहीही झालेलं नाही. मागची पीप साईट, म्हणजे नेम धरायचं बारीक भोकाचं साधन, कोणीतरी दुसऱ्या रायफलीला लावायला काढून नेली, आणि चेंबरमध्ये, काडतूस बसतं त्या जागी, जुनं ग्रीस घट्ट झाल्यामुळे काडतूस पुरतं आत जात नव्हतं. परवानाधारक आर्मररने माझ्यासमोर पाऊण तासात चेंबर साफ केला. पॉइंट टू-टूला त्याच्याशिवाय कोणी हात लावू नये, हेही इथेच सांगून ठेवते. नळीतून प्रकाशाकडे पाहिलं तर आतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या चऱ्या, नव्यासारखे चमकत होते. खालची लिव्हर दाबली की ब्रीच ब्लॉकचं पुढचं टोक खाली झुकतं, त्याच्या खोबणीवरून काडतूस घरंगळत चेंबरमध्ये जातं, लिव्हर वर घेतली की कुलूप. बर्मिंगहॅमची ही जुनी रचना. गेल्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात गावोगावी छोट्या बोअरचे रायफल क्लब निघाले, त्या क्लबांच्या हातात हीच ॲक्शन होती.

या मार्टिनीला बोल्ट नाही. काडतूस वरून घालायचं, लिव्हर मधोमध खाली. म्हणजे उजवा हात काय नि डावा हात काय, तिला सारखंच. आमच्याकडे एनसीसीतून आलेली एक डावखुरी मुलगी आहे. उजव्या बोल्टच्या रायफलीवर दर गोळीला ती हात बदलते, कोपर हलतं, दंडाला बांधलेली स्लिंग, म्हणजे रायफलीचा पट्टा, ढिली होते, पुन्हा पोझिशन बसवते. साठ गोळ्यांच्या मॅचमध्ये साठ वेळा. डाव्या हाताची नवीन मॅच रायफल घ्यायची तिच्या वडिलांची ऐपत नाही, आणि क्लबची तर मुळीच नाही. आणि त्याच वेळी एका कोतमध्ये, माझ्या गावापासून दोन तासांवर, डाव्या हाताला चालणारी उत्तम रायफल ‘नग’ म्हणून पडून आहे.

आता आपल्यापैकी काहीजण म्हणतील, बाई भावनेने बोलते आहे, स्पर्धेला जुनी रायफल काय कामाची? म्हणून आकड्यांत सांगते. १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर प्रोनला, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकारात, उत्तर कोरियाच्या हो जुन ली याने ६००पैकी ५९९ मारले. १९७६ला माँट्रियलमध्ये पश्चिम जर्मनीच्या कार्लहाइन्झ स्मिस्झेकनेही ५९९च मारले. तेव्हाचा टार्गेटच्या मधला दहा गुणांचा गोल आजच्यापेक्षा थोडा मोठा होता, हे खरं. तरीही साठ गोळ्यांत एकच दहाच्या बाहेर. आपल्या जिल्हा स्पर्धेत प्रोनला आज किती मुलं ५८० ओलांडतात, हे आपण माझ्यापेक्षा चांगलं जाणता. त्यांच्या आणि ५९९च्या मधे जे अंतर आहे ते रायफलीच्या वयाचं नाही.

पॉइंट टू-टूची नळी का टिकते याचंही कारण साधं आहे. अडीच ग्रॅमच्या आसपासची मऊ शिशाची गोळी, तिच्यावर मेण किंवा ग्रीसचा पातळ थर, दाब कमी, वेग आवाजाच्या वेगाच्या खाली. मोठ्या रायफलीत गरम वायू चेंबरच्या पुढचे आटे खाऊन टाकतो, तसं इथे फारसं होत नाही. लाखभर गोळ्यांनी नळीचं जेवढं नुकसान होणार नाही तेवढं एका अडाणी हाताने लोखंडी रॉड नळीच्या तोंडाकडून खुपसल्याने होतं. नळीचं तोंड, म्हणजे गोळी जिथे शेवटची टेकते ती कड, तिथे एक ओरखडा पडला की रायफल कायमची बिघडली. आणि दुसरा शत्रू गंज.

गंजाबद्दल मला बोललंच पाहिजे, कारण माझी स्वतःची रायफल एकदा हातची जाता जाता राहिली.

माझ्याकडे अनशुट्झची १४१३ आहे. जर्मनीतल्या उल्मच्या कारखान्याची, १९५४च्या त्या ‘मॅच ५४’ ॲक्शनवर बांधलेली. मॉडेलचे क्रमांक पुढे बदलत गेले, १६१३ आली, १८१३ आली, १९१३ आली, पण मूळ ॲक्शन तीच राहिली, इतकी ती पहिल्यांदाच बरोबर जमली होती. माझी रायफल मी एका वडीलधाऱ्या नेमबाजांकडून घेतली. त्यांचे डोळे गेले होते. व्यवहार सगळा परवान्यावर, रीतसर, आणि त्याला सात महिने लागले. ती देताना त्यांनी अक्रोडाच्या दस्त्यावरून हात फिरवला आणि फक्त एवढंच विचारलं, “पावसाळ्यात कुठे ठेवशील?” मला वाटलं होतं ते ग्रुपबद्दल, म्हणजे गोळ्या किती जवळजवळ पडतात त्याबद्दल, बोलतील, ट्रिगरबद्दल बोलतील.

त्या प्रश्नाचं उत्तर शिकायला मला काही वर्षं लागली. फोमच्या पेटीत रायफल ठेवू नये, फोम ओल धरतो आणि जिथे टेकतो तिथे नळीवर तांबूस रेघ उठवतो. खोबरेल लावू नये, ते थंडीत थिजतं आणि जुनं झालं की चिकट होतं. आमच्या घरातल्या थोरल्यांनी प्रेमाने लावलेल्या खोबरेलामुळे माझा बोल्ट एकदा डिसेंबरात दगडासारखा बसला होता. जून ते सप्टेंबर लाकूड फुगतं, ॲक्शनला धरणारे स्क्रू आपोआप आवळल्यासारखे होतात, झिरो, म्हणजे साईट जुळवून पक्का केलेला नेम, सरकतो. दिवाळीनंतर पुन्हा उलटं. नवीन ॲल्युमिनियमच्या दस्त्यांना हे नाही, आणि तो त्यांचा मोठा गुण आहे. पण लाकडाची रायफल ज्याने दोन पावसाळे सांभाळली तो मुलगा स्क्रू किती आवळला आहे हे लिहून ठेवायला शिकतो, झिरो का हलला हे विचारायला शिकतो. ते शिक्षण पुढे कोणत्याही रायफलीवर त्याच्या कामी येतं.

तर तो प्रसंग. निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि शस्त्रं जमा करण्याचा आदेश निघाला. नेमबाजांना यातून सूट मागता येते, जिल्ह्याच्या छाननी समितीपुढे अर्ज करता येतो. पण तो वेळेत करावा लागतो, आणि त्या वर्षी मी आजारी आईजवळ होते. रायफल एका पोलीस ठाण्यात जमा केली. तिथल्या हवालदारांनी पावती दिली, अदबीने वागले. पण त्यांच्या लेखी ती इतर बंदुकांसारखीच एक बंदूक. दोन महिन्यांनी परत मिळाली तेव्हा नंबरची चिठ्ठी बांधलेली तार पीप साईटच्या भोकातून ओवलेली होती, रायफल नळीच्या तोंडावर उलटी उभी ठेवलेली होती, आणि तोंडापाशी गंजाचा बारीक करडा-तांबडा ठिपका होता. मी ती ठाण्याच्या पायरीवर बसून पाहत होते. तिथे रडायला आलं नाही, घरी आल्यावर आलं. आर्मररने भिंगातून पाहिलं आणि सांगितलं, कडेच्या केसभर बाहेर आहे. केसभर! त्यानंतर त्या रायफलीने मला माझा सगळ्यात चांगला स्कोअर दिला, पण तो ठिपका अजून तिथे आहे.

मला त्या ठाण्याला दोष द्यायचा नाही. त्यांना कोणी सांगितलं होतं का, की टार्गेट रायफल नळीच्या तोंडावर उभी करत नाहीत? हे सांगणं जिल्हा संघटनेचं काम होतं. एक पानाची सूचना, जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना, दर निवडणुकीआधी. खाली संघटनेचा शिक्का. यापलीकडे काही लागत नाही.

याहून मोठं नुकसान घराघरांत होतं आहे. २०१९च्या दुरुस्तीने सर्वसाधारण परवान्यावरची मर्यादा तीन शस्त्रांवरून दोनवर आली. माझ्या ओळखीच्या दोन घरांत तेव्हा तिसरं शस्त्र काढायची वेळ आली. एका घरात रिव्हॉल्व्हर, शेतावरची बारा बोअर आणि आजोबांची टार्गेट रायफल होती. काय गेलं हे सांगायला नको. रिव्हॉल्व्हर संरक्षणाची, बारा बोअर रानडुकरांच्या नावाची, आणि टार्गेट रायफलीने काय होतं, म्हातारा तर गेला. आणि मर्यादेचा प्रश्न नसला तरी मालक गेल्यावर वारसाने स्वतःच्या नावावर परवाना मागावा लागतो, नाहीतर शस्त्र अधिनियमाच्या कलम २१प्रमाणे ते ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. ठरावीक मुदतीत कोणी सोडवून नेलं नाही, योग्य माणसाला विकलं नाही, तर ते सरकारजमा होतं. सुतकात असलेल्या घराला ही मुदत कुठे आठवते? वर्षभराने कोणीतरी कपाट आवरताना लक्षात येतं आणि घाबरून विचारतं. तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

त्या घराला एक फोन करायला कोण हवं? आपण. त्या गृहस्थांनी आयुष्यभर आपल्याच क्लबची वर्गणी भरली होती. प्रत्येक क्लबच्या वहीत कोणत्या सदस्याकडे कोणती रायफल आहे याची नोंद असते किंवा असायला हवी. सदस्य गेला की तेराव्यानंतर कार्यकारिणीतल्या एकाने त्या घरी जावं, कागद काय लागतात ते समजावून सांगावं, घरात नेमबाज कोणी नसेल तर परवानाधारक खरेदीदार शोधून द्यावा किंवा क्लबच्या परवान्यावर ती घेता येते का ते पाहावं. मी स्वतः हे दोनदा केलं. एक रायफल वाचली. दुसऱ्या वेळी मी पाच आठवडे उशिरा पोचले.

मी हट्टी आहे पण आंधळी नाही. ज्या मुलाला राष्ट्रीय संघात जायचं आहे त्याच्या हाती मी ३०० एस देत नाही. उभ्याने मारायच्या आजच्या दहा मीटरमध्ये, जिथे दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि गुण दशांशात मोजतात, तिथे नव्या रायफलीचा दस्ता शरीराला हवा तसा बसवता येतो, लिव्हर ओढावी लागत नाही, पेलेट जास्त लवकर बाहेर पडतो. हा फरक खरा आहे. दोन-तीन लाखांच्या घरातली ती रायफल घ्यायला मी पालकांना मदतही करते, कर्जाच्या अर्जावर सहीसुद्धा केली आहे. पण रेंजवर पहिल्या दिवशी येणाऱ्या मुलाचं काय?

१ ऑगस्ट २०२४ला पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, पालथं आणि उभ्याने मारायच्या प्रकारात, ऑलिम्पिक कांस्य जिंकलं, आणि त्या आठवड्यापासून आपल्या सगळ्यांच्या रेंजवर आईबाप मुलांना घेऊन उभे राहिले. आमच्याकडे एका रविवारी चौदा मुलं आली. चालू स्थितीतल्या रायफली पाच. त्यातल्या दोन सिलिंडरच्या, आणि दोघींच्या सिलिंडरची मुदत संपत आलेली. उत्पादकाने साधारण दहा वर्षांची मुदत दिलेली असते, त्यानंतर तो सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि वापरणं धोक्याचंही असतं. नवा मागवायचा तर खर्च, वाट पाहणं. ३०० एसला यातलं काही नाही. तिला मुलाचा हात आणि पेलेटचा डबा पुरतो. वीज गेली, कॉम्प्रेसर बंद पडला, भरायची टाकी तालुक्याला गेली, तरी सराव चालू राहतो. लिव्हर ओढताना दुसरा हात ब्रीचपासून लांब ठेवायचा, एवढी एक शिस्त पहिल्याच दिवशी शिकवावी लागते, आणि ती मी कडकपणे शिकवते.

तेव्हा माझं मागणं असं आहे. निर्लेखनाच्या यादीत रायफल घालण्याआधी तिचं मॉडेल, नंबर आणि नेमका बिघाड लिहा. ‘जुनी’ हा बिघाड नव्हे. ती जाणत्या माणसाला उघडून दाखवा, पॉइंट टू-टू असेल तर परवानाधारक आर्मररला. एका रायफलीचे भाग दुसरीला लावायचे असतील तर काय काढलं आणि कुठे गेलं ते वहीत लिहा. त्या मार्टिनीची साईट आज कुठे आहे हे कोणालाच सांगता येत नाही, आणि तशी साईट बाजारात मिळत नाही. शेजारच्या जिल्ह्याला विचारा. आपल्याकडे नको असलेली रायफल कदाचित त्यांच्याकडच्या डावखुऱ्या मुलीला हवी असेल.

आणि एक गोष्ट मागते जिच्यावर माझं खरं मन आहे. जिल्हा स्पर्धेत शेवटच्या दिवशी, सगळी डिटेल, म्हणजे एका वेळी मारणाऱ्या नेमबाजांच्या फेऱ्या, संपल्यावर, जुन्या रायफलींची एक डिटेल ठेवा. पन्नास मीटर प्रोन किंवा दहा मीटर, चाळीस गोळ्या, कागदी टार्गेट. १९८०च्या आधी बनलेली रायफल एवढीच अट. पदक नको, प्रमाणपत्र नको. ज्यांच्या कपाटात त्या पडून आहेत ते लोक निदान वर्षातून एकदा त्या बाहेर काढतील, पुसतील, मारतील. साठीतले, सत्तरीतले नेमबाज येतील. त्यांच्या शेजारच्या लेनमध्ये बाराव्या इयत्तेतलं एखादं पोर त्यांचीच रायफल मागून घेऊन मारेल. प्रूफ हाउसचे, म्हणजे शस्त्र तपासून पास करणाऱ्या संस्थेचे, शिक्के कसे वाचायचे, उल्मचं हरणाचं शिंग कुठे असतं, पीपमधून समोरच्या रिंगभोवती प्रकाशाची कडा किती सोडायची, हे कोणत्या पुस्तकातून नाही तर त्या शेजारच्या माणसाकडून कळेल. गेल्या पाच-सहा वर्षांत मला हे शिकवणारी तीन माणसं गेली. त्यांना जे माहीत होतं ते सगळं मी विचारून घेतलं नाही.

१९५१मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर होते. त्यांच्या नावाची स्पर्धा आपण दरवर्षी मारतो, आपल्यापैकी कित्येकांची पहिली मोठी मॅच तीच. त्यानंतरच्या दशकांत आपल्याकडे जी मोजकी चांगली शस्त्रं आली, ती आयातीच्या खटपटींतून, उसनवारीतून, दहा जणांत एक वाटून घेत आली. एका रायफलीवर सकाळी एक, दुपारी एक, असे दोन जण मॅच मारायचे. दस्त्याची लांबी मधल्या वेळेत बदलायची. त्या चार नगांपैकी एका ३०० एसच्या दस्त्यावर आतल्या बाजूला पेन्सिलने चार जणांच्या खांद्याची मापं लिहिलेली सापडली. चार वेगवेगळी अक्षरं आहेत. नावं नाहीत.

त्या क्लबच्या कार्यकारिणीची बैठक येत्या महिन्यात आहे. दुरुस्त केलेली ३०० एस घेऊन मी तिथे येणार आहे. मला दहा मिनिटं आणि दहा मीटरची एक लेन द्यावी, एवढी विनंती आहे. पेलेट मी आणते. दुसरी ३०० एस तोपर्यंत सुताराकडे द्यायची परवानगी मिळाली तर बरं होईल, कारण त्याच्याकडे गणपतीनंतर वेळ नसतो. आणि त्या मार्टिनीची मागची साईट ज्यांच्याकडे असेल त्यांनी ती कृपा करून क्लबच्या कार्यालयात ठेवून जावी. नाव विचारलं जाणार नाही. सरळ, काळी, दोन गोल नॉब असलेली साईट आहे, आणि तिच्या बूडच्या स्क्रूचं डोकं एका बाजूला झिजलेलं आहे.

कळावे,
आपली नम्र,
पश्चिम महाराष्ट्रातील एक नेमबाज